कळेनासं झालं, तर यंत्रानं काय करायचं?

४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव एका इंजिनात चढले. त्याच रुळावर पुढे दुसरं इंजिन होतं. लोको पायलटनं ब्रेकला हात लावला नाही, तरी इंजिन पुढच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं. ‘कवच’ या भारतीय बनावटीच्या टक्करविरोधी यंत्रणेची ती जाहीर चाचणी होती. त्या वेळच्या बातम्यांत ३८० मीटरच्या जोडीला आणखी एक आकडा झळकला : या यंत्रणेच्या हातून चूक होण्याची शक्यता दहा हजार वर्षांत एकदा.

दहा हजार वर्षं कुणी तपासून पाहिली?

अर्थातच कुणी नाही. हा आकडा ‘सिल-४’ या सर्वोच्च सुरक्षा श्रेणीतून येतो. रेल्वे सिग्नल यंत्रणांसाठी या श्रेणीची किमान अट अशी, की धोकादायक बिघाड दहा कोटी तासांत एकापेक्षा जास्त वेळा होता कामा नये. दहा कोटी तास म्हणजे सुमारे ११,४०० वर्षं. ऐकायला निर्धास्त वाटतं, पण हिशेब एका संचाचा आहे. असे हजार संच अखंड चालू राहिले, तर तेच दहा कोटी तास साडेअकरा वर्षांच्या आत भरतात. देशभर पसरलेल्या यंत्रणेच्या दृष्टीनं दहा हजार वर्षं ही चैन नव्हे, गरज आहे.

यंत्राच्या सुट्या भागांपुरता हा हिशेब मांडता येतो. रिले (विजेच्या प्रवाहावर चालणारी चुंबकी कळ) किती वेळा अडकतो, चिप किती तासांनी दगावते, याच्या नोंदी असतात. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन भाग एकाच वेळी बिघडण्याची शक्यता गुणाकारानं काढता येते. सॉफ्टवेअरला मात्र हे गणित लागू पडत नाही. ते झिजत नाही, गंजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून तिथेच असते आणि विशिष्ट परिस्थिती जुळून येईपर्यंत दडून राहते. १९९३ साली नासाच्या लँगली केंद्रातल्या रिकी बटलर आणि जॉर्ज फिनेली यांनी दाखवून दिलं, की इतक्या दुर्मीळ चुकांची खात्री केवळ चाचण्या घेऊन करून घ्यायची, तर त्या चाचण्यांना माणसाचं आयुष्य पुरणार नाही. त्यामुळे जिथे चुकीची किंमत जिवानं मोजावी लागते, तिथे अभियंते ‘हे चुकणार नाही’ एवढ्यावर थांबत नाहीत. ते एक प्रश्न आधीच विचारून ठेवतात : यंत्राला काही कळेनासं झालं, तर त्यानं काय करायचं?

या प्रश्नाचं एक जुनं आणि सुबक उत्तर रेल्वेनं दिलं. १८७२ साली अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी ‘ट्रॅक सर्किट’चं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाकडून क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले बसवायचा. प्रवाह पोहोचतो आहे तोवर रिले खेचलेला राहतो आणि मार्ग मोकळा दिसतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. खरी हुशारी यापुढे आहे. रूळ तुटला, तार निसटली, बॅटरी संपली, तरीही नेमकं हेच घडतं. गाडी आहे की बिघाड आहे, हे यंत्रणेला सांगता येत नाही. तिला फक्त एवढं कळतं, की रस्ता मोकळा असल्याचा पुरावा उरला नाही, आणि पुरावा नसेल तर लाल. मुंबईच्या भुयारी मेट्रो-३मध्ये दिव्यांची जागा रेडिओनं घेतली आहे, पण तत्त्व तेच. पुढे किती अंतर जायचं याची परवानगी गाडीला सतत नव्यानं मिळत राहते. ती यायची थांबली, की गाडी थांबते.

अर्थात शंका आली की थांबायचं, हे धोरण फुकट मिळत नाही. ‘कवच’च्या कितीतरी आधी कोकण रेल्वेनं ‘रक्षाकवच’ नावाचं टक्करविरोधी उपकरण तयार केलं होतं. कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांची ती कल्पना. पुढे ईशान्य सीमा रेल्वेवर त्याचा मोठा प्रयोगही झाला. उपकरण जीपीएसवर विसंबलेलं होतं. काही मीटर अंतरावर शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन रुळांपैकी आपली गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे, हे उपग्रहाच्या आधारे खात्रीनं ठरवणं अवघड जाई. शंका आली की ब्रेक, आणि शंका तर वारंवार यायची. विनाकारण थांबणाऱ्या यंत्रणेवरचा कर्मचाऱ्यांचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेली यंत्रणा लवकरच बंद करून ठेवली जाते. ‘कवच’मध्ये रुळांमधल्या स्लीपरवर आरएफआयडी टॅग बसवले आहेत. गाडी त्यांच्यावरून गेली की रूळ कोणता, हे तिला थेट समजतं. शंका आली की थांबायचं हा नियम तसाच राहिला, शंकेचं एक मोठं कारण कमी झालं.

हा नियम धाब्यावर बसवल्यावर काय होतं, याचं उदाहरण अशा यंत्रणांच्या अभ्यासात आजही शिकवलं जातं. थेरॅक-२५ हे कॅनडाच्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’चं कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. त्याच्या आधीच्या थेरॅक-२०मध्ये किरणांचा झोत चुकीच्या स्थितीत सुरू होऊ नये म्हणून विजेचे आणि यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात त्यातलं बरंचसं काम सॉफ्टवेअरकडे सोपवलं गेलं. हे सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच प्रोग्रामरनं लिहिलं होतं आणि त्यात जुन्या यंत्रांच्या प्रोग्रामचे तुकडे वापरले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात जादा किरण मिळाले. त्यातले किमान तिघे दगावले.

टेक्सासमधल्या टायलर इथला मार्च १९८६चा प्रसंग पाहण्यासारखा आहे. रुग्णाला इलेक्ट्रॉनचा उपचार द्यायचा होता. तंत्रज्ञ महिलेनं सवयीनं क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं, लगेच कर्सर वर नेऊन ते दुरुस्त केलं आणि आज्ञा दिली. तिची बोटं इतकी सराईत होती, की हे सारं आठ सेकंदांच्या आत उरकलं. यंत्रातल्या चुंबकांची जुळवाजुळव तेवढा वेळ चालायची आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या नजरेतून सुटायची. पडद्यावर आलं, ‘मालफंक्शन ५४’. या संदेशाचा अर्थ तंत्रज्ञांच्या पुस्तिकेत नव्हता. पडद्यावरचे आकडे सांगत होते, की २०२ एकक मात्रेपैकी जेमतेम ६ एकक गेली आहे. प्रत्यक्षात झोत इतका तीव्र होता, की मात्रा मोजणारे संवेदकच गांगरले होते. यंत्र आपल्याला कळेनासं झाल्याचं सांगत होतं आणि तरीही ‘पी’ ही कळ दाबून पुढे जायची मुभा देत होतं. असे संदेश तिथे रोजचेच होते. कळ दाबली गेली आणि झोत दुसऱ्यांदा सुटला. काही महिन्यांनी तो रुग्ण मरण पावला.

त्या रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञानं तंत्रज्ञाला सोबत घेऊन तोच क्रम पुन्हापुन्हा टाइप केला, तेव्हा वेगाचं रहस्य उलगडलं. पुढे नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. हीच चूक जुन्या थेरॅक-२०च्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तिथे फक्त फ्यूज उडायचा आणि रुग्ण सुखरूप राहायचा, म्हणून ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

रेल्वेगाडी थांबवता येते, किरणांचा झोत बंद करता येतो. आकाशात गेलेल्या यंत्राला लाल दिवा नसतो. हवेत असताना ‘मला कळत नाही, मी थांबतो’ असं म्हणणारा संगणक हाच धोका ठरतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचं नवंकोरं एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि सुमारे चाळीस सेकंदांत तुटून पेटलं. त्याबरोबर ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह गेले. गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळानं कारण शोधलं. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली जात होती. हा प्रोग्राम एरियान-४कडून आला होता. त्या रॉकेटचा आडवा वेग कमी असल्यामुळे संख्या त्या जागेत मावायची. एरियान-५ अधिक जोरकस निघालं आणि संख्या मावेनाशी झाली. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं. संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून उरलेल्या तिन्हींना ते दिलं नव्हतं, आणि नेमकी त्यातलीच एक उसळली. त्यावर कडी म्हणजे, ज्या गणितासाठी ती संख्या लागायची, त्याचा उड्डाणानंतर या रॉकेटला काहीच उपयोग नव्हता.

संगणकानं आपल्या नियमाप्रमाणे स्वतःला बंद केलं. राखीव संगणक तयार होता, पण त्यातही तोच प्रोग्राम होता आणि तो त्याच कारणानं क्षणभर आधीच बंद पडला होता. एकाच गाइडमधून अभ्यास केलेली दोन मुलं परीक्षेत एकच चूक करतात, तसा हा प्रकार. बंद पडताना संगणकानं बिघाडाचा जो सांकेतिक संदेश पाठवला, तो मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि मार्ग सुधारायला म्हणून इंजिनांची तोंडं पूर्ण वळवली.

राखीव भाग ठेवणं पुरेसं नाही, तो वेगळ्या घडणीचा हवा, हे विमानवाल्यांनी त्याआधीच ओळखलं होतं. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए३२०मध्ये वैमानिकाच्या हातातली कांडी आणि पंखांवरचे हलते भाग यांच्यामध्ये संगणक बसले. त्यांचे दोन गट केले. एका गटात मोटोरोलाचे प्रोसेसर, दुसऱ्यात इंटेलचे. सॉफ्टवेअर लिहिणारे चमूही वेगळे. बोइंग ७७७मध्ये उड्डाण नियंत्रणाचे तीन मुख्य संगणक आहेत आणि प्रत्येकात इंटेल, मोटोरोला आणि एएमडी अशा तीन वेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर. एकाचं उत्तर इतरांशी जुळलं नाही, तर त्याला बाजूला सारून बाकीचे काम चालू ठेवतात.

एवढी परंपरा असलेल्या बोइंगकडूनच ७३७ मॅक्सची चूक घडावी, हे या क्षेत्रातल्या लोकांना चटका लावून गेलं. नवी मोठी इंजिनं बसवल्यामुळे काही परिस्थितींत विमानाचं नाक जास्त वर उचललं जाण्याची शक्यता होती. ते आपोआप खाली दाबण्यासाठी ‘एमकॅस’ नावाचा प्रोग्राम घातला. विमानावर हवेचा कोन मोजणारे दोन संवेदक होते, पण एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकायचा. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरच्या विमानावरचा संवेदक वीसेक अंशांनी चुकीचं सांगत होता. एमकॅस पुन्हापुन्हा नाक खाली दाबत राहिला आणि वैमानिक ते पुन्हापुन्हा वर ओढत राहिले. १८९ माणसं गेली. १० मार्च २०१९ला इथिओपियात तसंच घडलं आणि आणखी १५७ जण गेले. त्यानंतर भारतासह जगभर ही विमानं जमिनीवर उभी राहिली.

एमकॅसच्या प्रोग्रामनं सांगितलेलं काम अचूक केलं होतं. चूक आधीच्या टप्प्यावर होती. हा बिघाड फार गंभीर नाही, वैमानिक काही सेकंदांत ओळखून आवरेल, असं कागदावर गृहीत धरलं गेलं होतं. धोक्याची प्रतवारी खालची लागली, म्हणून एकाच संवेदकावर भागलं. सुधारित एमकॅस दोन्ही संवेदकांची तुलना करतो. त्यांच्यात साडेपाच अंशांहून जास्त फरक दिसला, तर तो गप्प राहतो.

अशी प्रतवारी हा या शास्त्राचा पाया आहे. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठीचं ‘डीओ-१७८सी’ हे मानक ‘ए’पासून ‘ई’पर्यंत पाच पातळ्या मानतं. जे चुकलं तर विमान पडू शकतं ते ‘ए’, आणि ज्याच्या चुकीनं उड्डाणाच्या सुरक्षेत फरक पडत नाही ते ‘ई’. ‘ए’ पातळीला ७१ उद्दिष्टं पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मूळ प्रोग्रामरऐवजी दुसऱ्यानं तपासाव्या लागतात. प्रत्येक ओळ कोणत्या गरजेतून आली, हे दाखवावं लागतं. निर्णय घेणाऱ्या वाक्यातली प्रत्येक अट एकटीनं निर्णय बदलू शकते, हे चाचणीतून सिद्ध करावं लागतं. एवढं करूनही चूक उरत नाही, असा दावा मानक करत नाही. चूक शोधण्याचे माहीत असलेले मार्ग चोखाळले, एवढीच त्याची ग्वाही.

त्यापुढचा मार्ग गणिताचा. ऑक्टोबर १९९८मध्ये सुरू झालेली पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका चालकाविना धावते. तिचं सुरक्षेशी निगडित सॉफ्टवेअर झाँ-रेमों आब्रियाल यांच्या ‘बी’ पद्धतीनं लिहिलं गेलं. गाड्यांनी काय कधीच करता कामा नये हे आधी गणिताच्या भाषेत मांडायचं, मग प्रोग्राम ते पाळतो हे प्रमेयासारखं सिद्ध करायचं. सिद्धता पूर्ण झाल्यावर त्या भागात पुढच्या चाचण्यांत चूक सापडली नाही. अर्थात सिद्धता होते ती लिहिलेल्या गरजांची. लिहायचं राहून गेलेल्या गरजेपुढे गणितही हतबल असतं.

मोटारींचा प्रश्न रेल्वे आणि विमान यांच्या अधेमधे लटकतो. गाडी थांबवता येते, पण द्रुतगती मार्गाच्या मधल्या लेनमध्ये अचानक थांबणं सुरक्षित नाही. एअरबॅग वेळेवर फुगली नाही तर जीव जातो, आणि विनाकारण फुगली तरी जाऊ शकतो. २०११ साली आलेल्या ‘आयएसओ २६२६२’ मानकात म्हणून प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन प्रश्न विचारतात : इजा किती गंभीर, तशी परिस्थिती किती वेळा येते, आणि चालक ती कितपत सावरू शकतो? उत्तरांवरून ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी ठरते. स्टिअरिंग आपोआप वळणं हे ‘डी’चं ठळक उदाहरण. चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणा मात्र बिघडली, तर बाजूला होते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि साधा ब्रेक लागतच राहतो. पुण्यातल्या ‘केपीआयटी’सारख्या कंपन्यांत गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी अभियंत्यांचा बराच वेळ अशा बिघाडांचे तक्ते भरण्यात जातो.

चालकविरहित गाडीनं हा प्रश्न नव्यानं उभा केला. १८ मार्च २०१८च्या रात्री अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं, की गाडीला ती ५.६ सेकंद आधीच जाणवली होती. पण प्रोग्राम ठरवू शकत नव्हता : वाहन, अनोळखी वस्तू की सायकल? दर वेळी मत बदललं, की आधीच्या हालचालीची नोंद पुसली जाई आणि ती कुठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा शून्यापासून सुरू होई. वारंवार विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून धोका ओळखल्यावरही एक सेकंद वाट पाहण्याची सोय केली होती. व्होल्वो बनावटीच्या या गाडीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक चाचणीच्या वेळी बंद ठेवलेला होता. ‘काहीतरी आहे, काय आहे ते कळत नाही’ ही अवस्था रॉबिन्सनच्या रिलेसाठी लाल दिव्याची होती. इथे ती पुढे जात राहण्याची ठरली.

यंत्र बनवताना घेतलेली सारी काळजी नंतरच्या एका दुरुस्तीत वाया जाऊ शकते. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपम जंक्शनजवळच्या रेल्वे अपघातात ३५ जण मेले. सिग्नलची तारजोडणी बदलताना एक जुनी तार कापून गुंडाळायची राहिली. ती रिलेला चिकटली, त्याला प्रवाह मिळत राहिला आणि रुळावर गाडी उभी असताना सिग्नल लाल झालाच नाही. ट्रॅक सर्किटचं शतकभराचं शहाणपण एका उघड्या टोकानं निकालात काढलं. काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि दुसऱ्या कुणी तारा मोजून पाहिल्या नव्हत्या. २ जून २०२३ रोजी ओडिशात बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. २९०हून अधिक लोक गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आधी केलेल्या सर्किट बदलातल्या आणि त्या दिवशी फाटकाच्या कामाच्या वेळी झालेल्या तारजोडणीतल्या त्रुटी पुढे आल्या. सांधे आणि सिग्नल यांचा मेळ राखणाऱ्या संगणकीकृत इंटरलॉकिंगला बाहेरून जी माहिती मिळाली, तीच चुकीची होती.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवणं हाही असाच एक बदल. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेल्या जेटब्लूच्या ए३२०नं वैमानिकाच्या आज्ञेविना अचानक नाक खाली घेतलं. प्रवासी जखमी झाले आणि विमान टॅम्पाला उतरवावं लागलं. २८ नोव्हेंबरला एअरबसनं जाहीर केलं, की तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाण नियंत्रणाच्या संगणकातली माहिती बिघडू शकते, आणि या कुटुंबातल्या सुमारे सहा हजार विमानांवर तातडीनं काम करावं लागेल. भारतात इंडिगो आणि एअर इंडियाच्या तंत्रज्ञांनाही लगोलग कामाला लागावं लागलं. बहुतेक विमानांसाठी उपाय काही तासांचा होता : संगणकातली नवी आवृत्ती काढून आधीची जुनी परत चढवायची. काही जुन्या विमानांत मात्र संगणकाचा भागच बदलावा लागणार होता, आणि ती विमानं तोवर उभी राहिली.